उत्स्फूर्त वादनातील सातत्य : जॅझ पियानोच्या निमित्ताने एक भाषावैज्ञानिक विचार

(१)

आधी न लिहिलेले संगीत आयत्या वेळी रचून वाजविणे, ह्या क्रियेला आपल्या संगीतात 'उपज' असा फार नेमका शब्द आहे. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी आकारास आलेल्या जॅझ ह्या संगीतपद्धतीत उपज हाच वादनाचा गाभा मानला जातो. ही पद्धती पियानोवर शिकणाऱ्या विद्यार्थ्याची एक तक्रार सर्वत्र सारखीच ऐकू येते. काल सहज जमले ते आज जमत नाही. एका आवर्तनात बोटे बोलू लागतात, तर पुढच्याच आवर्तनात मुकी होतात. ह्या तक्रारीचे कारण तो बहुधा स्वतःच ठरवून टाकतो. आपल्या ठायी प्रतिभा नाही, असे तरी तो म्हणतो, किंवा प्रतिभा आहे पण ती लहरी आहे, असे तरी समजतो. पहिल्या निदानाने तो वादन सोडतो. दुसऱ्याने तो लहरीची वाट पाहत बसतो. परिणाम दोहोंचा एकच.

प्रस्तुत लेखाचा हेतू असा की, ही अनियमितता म्हणजे नेमके काय, ती का उद्भवते आणि कोणत्या अभ्यासाने कमी होते, ह्याचा विचार करावा. भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने ह्या विषयात का शिरावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. आयत्या वेळी, न थांबता, नियमबद्ध तरीही नवी अशी रचना करणे हे काम मनुष्य ज्या दुसऱ्या क्षेत्रात रोज करतो, ते क्षेत्र म्हणजे बोलणे. हे त्याचे उत्तर होय. ह्या साम्यातून दोन्ही बाजूंना काही शिकण्यासारखे आहे.

(२)

प्रथम वादकापुढील कार्याचे स्वरूप स्पष्ट केले पाहिजे. जॅझमधील बहुसंख्य रचना ठराविक लांबीच्या चौकटीवर उभ्या असतात. 'ब्लूज' ह्या प्रकाराची चौकट सामान्यतः १२ बारांची, म्हणजे चार-चार मात्रांच्या बारा खंडांची असते. लोकप्रिय गीतांवर आधारलेल्या रचनांची चौकट पुष्कळदा ३२ बारांची असते. ही चौकट पुनःपुन्हा फिरते. आपल्याकडील तालाच्या आवर्तनाशी तिचे साम्य उघड आहे, आणि चौकटीचा आरंभबिंदू हा एका अर्थी समेचेच कार्य करतो. भेद आहे तो स्वरांच्या बाबतीत. रागाची स्वरचौकट वादनभर स्थिर असते. जॅझमध्ये प्रत्येक बाराला, कित्येकदा दर दोन मात्रांना, कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजणारा स्वरगुच्छ बदलतो आणि त्याबरोबर कोणता स्वर विसाव्याचा व कोणता चालीचा हेही बदलते. पियानोवादकाचा डावा हात हे स्वरगुच्छ व्यक्त करीत असतो आणि उजवा हात त्यांच्यावरून नवी स्वरपंक्ती रचीत असतो. मात्रा कोणासाठी थांबत नाही.

ही पद्धती आपणांस अगदीच परकी आहे असे नव्हे. १९३० नंतरच्या दशकात टेडी वेदरफोर्ड ह्या अमेरिकन पियानोवादकाने मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाद्यवृंद चालविला. त्या काळी मुंबईत जॅझ वाजविणाऱ्यांत गोव्याच्या वादकांचा वाटा मोठा होता. 'चिक चॉकलेट' ह्या नावाने गाजलेले ट्रम्पेटवादक अँटोनिओ झेवियर वाझ हे त्यांपैकीच होत, आणि पुढे सी. रामचंद्र ह्यांच्या चित्रपटसंगीतात त्यांचे साहाय्य होते. १९५८ साली डेव्ह ब्रूबेक ह्या पियानोवादकाचा चमू मुंबईत येऊन गेला आणि १९७८ पासून 'जॅझ यात्रा' हा महोत्सव मुंबईत भरू लागला. तथापि आपल्या विचाराचा मुख्य आधार अमेरिकेतील एका ध्वनिमुद्रणात सापडतो.

(३)

मे १९५९ मध्ये जॉन कोल्ट्रेन ह्या सॅक्सोफोनवादकाने 'जायंट स्टेप्स' ही आपली रचना मुद्रित केली. पियानोवर टॉमी फ्लॅनगन (१९३०–२००१) होते. रचनेची चौकट अवघ्या १६ बारांची, परंतु त्यांत कॉर्ड मात्र २६. शिवाय ह्या कॉर्ड एका षड्जाभोवती फिरत नाहीत. तीन षड्जांमध्ये उड्या घेतात. एकाला सा मानले तर दुसरा शुद्ध गंधारावर आणि तिसरा कोमल धैवतावर येतो, म्हणजे सप्तकाचे तीन समान भाग होतात. गती मिनिटाला सुमारे २८० मात्रांची. ह्याचा हिशेब केला तर संपूर्ण आवर्तन साधारण १४ सेकंदांत संपते आणि वादकाला सरासरीने अर्ध्या सेकंदाला एक नवी कॉर्ड भेटते.

कोल्ट्रेन ह्यांचे वादन अखंड प्रवाहासारखे आहे. फ्लॅनगन ह्यांची पाळी येते तेव्हा आरंभी स्वरपंक्ती निघतात, मग त्या तुटू लागतात, मध्ये मौन येते आणि अखेरीस वादन बव्हंशी नुसत्या कॉर्डवर येऊन ठेपते. फ्लॅनगन हे नवशिके नव्हते. १९५६ मध्ये सनी रोलिन्स ह्यांच्या 'सॅक्सोफोन कोलॉसस' ह्या ध्वनिमुद्रिकेत त्यांनी जे प्रसन्न व सुसंगत वादन केले आहे, ते ऐकणाऱ्यास त्यांच्या योग्यतेविषयी शंका उरत नाही. पुढे १९८२ मध्ये फ्लॅनगन ह्यांनी कोल्ट्रेन ह्यांच्या स्मरणार्थ जी ध्वनिमुद्रिका केली, तीत हीच रचना त्यांनी समर्थपणे वाजविली.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी की, १९५९ मध्ये फ्लॅनगन ह्यांना ह्या कॉर्ड 'ठाऊक' नव्हत्या असे म्हणता येत नाही. त्यातील प्रत्येक कॉर्ड ते रोज वाजवीत असत. त्यांच्यापाशी नव्हते ते ह्या क्रमाचे, ह्या गतीला उपयोगी पडेल असे ज्ञान. दुसरी अशी की, कोल्ट्रेन ह्यांचा प्रवाहही शून्यातून निघालेला नव्हता. त्यांनी हा क्रम आधी दीर्घकाळ घोटला होता, आणि त्यांच्या वादनात सा-रे-ग-प अशी चार स्वरांची एक लहानशी मांडणी निरनिराळ्या षड्जांवर वारंवार आढळते. तात्पर्य, एकाच दिवशी, एकाच खोलीत, एका श्रेष्ठ वादकाचे वादन सलग आणि दुसऱ्या श्रेष्ठ वादकाचे वादन तुटक झाले, ह्याचे स्पष्टीकरण प्रतिभेच्या कमीअधिकपणात शोधण्याचे कारण नाही. ते पूर्वतयारीच्या स्वरूपात सापडते.

(४)

नोम चॉम्स्की ह्यांनी १९६५ मध्ये भाषिक क्षमता आणि भाषिक प्रयोग असा भेद मांडला, तो ह्या विभागातील वाचकांना सुपरिचित आहे. अडखळणे, विसरणे, वाक्य अर्धवट सोडणे ह्या गोष्टी प्रयोगाच्या कक्षेत जातात आणि व्याकरणाच्या अभ्यासकाने त्यांजकडे दुर्लक्ष करावे, असा त्या भेदाचा रोख होता. व्याकरणाच्या अभ्यासासाठी हा भेद सोयीचा आहे. परंतु उपजेच्या अभ्यासात तो जसाच्या तसा लावला तर विद्यार्थ्याची दिशाभूल होते. 'मला येते, फक्त वाजविताना जमत नाही', हे त्याचे वाक्य ह्याच भेदाचे बोलीरूप आहे. जे ज्ञान मात्रेच्या आत हाताशी येत नाही, ते उपजेपुरते अद्याप ज्ञानच नव्हे, असे मानल्यावाचून ह्या अभ्यासात पुढे जाता येत नाही.

ह्या बाबतीत मौखिक काव्याच्या अभ्यासाचा अधिक उपयोग होतो. मिलमन पॅरी (१९०२–१९३५) आणि त्यांचे शिष्य आल्बर्ट लॉर्ड ह्यांनी युगोस्लाव्हियातील वीरगीते गाणाऱ्या गायकांचा अभ्यास केला. हे गायक हजारो ओळींची काव्ये पाठ करून म्हणत नाहीत. वृत्तात नेमकी बसणारी ठराविक पदबंधांची सूत्रे आणि ठराविक प्रसंग ह्यांच्या साहाय्याने ती गाता गाताच रचतात, असा निष्कर्ष लॉर्ड ह्यांनी १९६० मधील आपल्या ग्रंथात मांडला. जॅझच्या क्षेत्रात टॉमस ओवेन्स ह्यांनी १९७४ मधील प्रबंधात चार्ली पार्कर ह्यांच्या सुमारे २५० एकल वादनांचे लेखन करून त्यांत वारंवार येणारी सुमारे १०० सूत्रे दाखवून दिली. पार्कर ह्यांच्या स्वच्छंदतेविषयी कोणी शंका घेत नाही. आणि तरीही ती स्वच्छंदता अशा परिचित घटकांच्या पायावर उभी आहे.

सूत्राचे कार्य काय? जॉर्ज मिलर ह्यांनी १९५६ मध्ये दाखविले की, मनुष्याची तात्कालिक स्मृती एका वेळी थोडेच घटक धरू शकते, परंतु हे घटक स्वतः मोठे असू शकतात. आठ स्वर सुटे धरले तर स्मृती भरून जाते. तेच आठ स्वर एक पदबंध म्हणून धरले तर एकच जागा व्यापतात, आणि उरलेले अवधान पुढील वळणाचा विचार करण्यास मोकळे राहते. भर्तृहरीने वाक्य हे अखंड एकक मानले व पदे ही त्याच्या विश्लेषणाची सोय मानली. हे मत अर्थबोधाच्या संदर्भातील आहे. परंतु चांगल्या वादकाचा अनुभव त्याच्याशी जुळणारा आहे. तो स्वर मोजत नाही, वाक्य ऐकतो.

येथून अनियमिततेची व्याख्या करता येते. वादकाच्या संग्रहातील काही घटक पूर्णपणे एकजीव झालेले असतात, काही अर्धवट. अनुकूल दिवशी, ओळखीच्या गतीत, अर्धवट घटकही निभावून जातात. अवधानावर थोडा अधिक भार पडला की तेच प्रथम कोसळतात. म्हणून चांगला दिवस आणि वाईट दिवस ह्यांतील अंतर हे लहरीचे माप नसून अर्धवट राहिलेल्या अभ्यासाचे माप आहे. असे मानले म्हणजे वाईट दिवस हा अपमान न राहता पुरावा ठरतो.

(५)

पुरावा वाचण्यासाठी निदानाची पद्धती हवी. एकच रचना, एकाच गतीने, दहाबारा दिवस रोज प्रथम बसताच, बोटे मोकळी करण्यापूर्वी, दोन आवर्तने वाजवून मुद्रित करावी. तासाभराच्या सरावानंतरचे वादन हे वादकाच्या खऱ्या पातळीचे निदर्शक नसते. कारण तेव्हा नुकतीच केलेली गोष्ट अजून ताजी असते. मग ही मुद्रणे ऐकून खंड कोठे पडतो ते चौकटीच्या नकाशावर नोंदवावे. बहुधा असे दिसून येते की, 'सर्वच बिघडले' असे वाटत असले तरी खंड दोनतीन ठरलेल्या ठिकाणीच पडत असतो.

त्या ठिकाणी कोणत्या प्रकारचा दोष आहे हे ओळखण्यास गळा हे उत्तम साधन आहे. डाव्या हाताने कॉर्ड वाजवीत तेथील स्वरपंक्ती गाऊन पाहावी. गाता येते पण वाजविता येत नाही, तर दोष हाताचा आहे. गाताही येत नाही, तर तेथील स्वरसंगती कानात उतरलेली नाही. बोटांचे व्यायाम वाढवून तेथे काहीही साधणार नाही. सावकाश गाता येते पण गतीत येत नाही, तर सूत्र अद्याप एकजीव झालेले नाही. आणि गाणेही जमते, वाजविणेही जमते, पण आपण चौकटीत कोठे आहोत हेच हरवते, तर दोष आवर्तनाच्या भानाचा आहे. लेनी ट्रिस्टॅनो (१९१९–१९७८) हे पियानोवादक आपल्या शिष्यांना श्रेष्ठ वादकांची एकल वादने वाद्यावर घेण्यापूर्वी गावयास लावीत, ह्यामागील मर्म हेच आहे.

(६)

आता अभ्यासाच्या क्रमाकडे वळू.

पहिली पायरी सांगाड्याची. जॅझमध्ये सर्वाधिक आढळणारा क्रम तीन कॉर्डचा असतो. षड्ज स्थिर मानला तर पहिली कॉर्ड रे-म-ध-सा, दुसरी प-नी-रे-म आणि तिसरी सा-ग-प-नी. ह्यांतील चालक स्वर प्रत्येक कॉर्डचे तिसरे आणि सातवे स्वर होत. पहिलीकडून दुसरीकडे जाताना मध्यम जागीच राहतो आणि सा उतरून नी होतो. दुसरीकडून तिसरीकडे जाताना नी जागीच राहतो आणि म उतरून ग होतो. एवढ्या दोन स्वरांच्या हालचालीत संपूर्ण क्रम कानाला कळतो. विद्यार्थ्याने प्रथम फक्त हे स्वर, साऱ्या चौकटीभर, एकही खंड न पाडता वाजवावेत. मग त्यांना जोडणारे स्वर एकेक करून घालावेत. हा सांगाडा कानात स्थिर असला म्हणजे पंक्ती कितीही दूर गेली तरी परतीची वाट दिसते.

दुसरी पायरी मर्यादेची. बिल एव्हन्स (१९२९–१९८०) ह्यांनी १९६६ मधील एका चित्रपटात आपले बंधू हॅरी ह्यांच्याशी संवाद करताना ह्या मुद्द्यावर भर दिला आहे. शिकणारा मनुष्य श्रेष्ठ वादनाचा संपूर्ण आभास एकदम निर्माण करू पाहतो आणि त्यामुळे त्याचे काहीच नेमके होत नाही. ह्याऐवजी थोडे, परंतु पूर्णपणे समजलेले आणि खरे असे वाजवावे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. प्रत्यक्षात ह्याचा अर्थ असा : एका आवर्तनात फक्त तीन स्वर वापरावेत, दुसऱ्यात प्रत्येक पंक्ती दुसऱ्याच मात्रेवर सुरू करावी, तिसऱ्यात दोन बार वाजवून दोन बार मौन पाळावे. मर्यादेमुळे निवडीचा भार कमी होतो आणि लय व वाक्यरचना ह्यांकडे अवधान जाते.

तिसरी पायरी शब्दसंग्रहाची. ध्वनिमुद्रणातून दोन बारांचे एकच वाक्य कानाने उचलावे. ते बाराही स्वरांना षड्ज मानून वाजवावे. मग त्याचा आरंभ तोच ठेवून शेवट बदलावा, शेवट तोच ठेवून आरंभ बदलावा, ते अर्ध्या मात्रेने पुढे सरकवावे, त्याला मागील व पुढील वाक्य जोडावे. परभाषा शिकणाऱ्याने एक वाक्य पाठ करणे आणि त्या वाक्याचा साचा आत्मसात करणे ह्यांत जे अंतर आहे, तेच येथेही आहे. एकाच षड्जावर येणारे वाक्य हे पाठांतर होय. जे कोठेही सुरू करता येते आणि मध्येच वळविता येते ते व्याकरण होय. शंभर पाठांतरांपेक्षा अशी दहा वाक्ये अधिक उपयोगी पडतात.

चौथी पायरी मिश्रणाची, आणि सातत्याच्या दृष्टीने हीच बहुधा सर्वांत उपेक्षित असते. जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन ह्यांनी १९७९ मध्ये हस्तकौशल्याच्या एका प्रयोगात असे दाखविले की, एकच हालचाल सलग घोटणाऱ्यांची सरावाच्या वेळची प्रगती अधिक दिसते, परंतु निरनिराळ्या हालचाली अनियमित क्रमाने करणाऱ्यांना ती कौशल्ये नंतर अधिक चांगली आठवतात. एक पंक्ती अर्धा तास घोटून ती आली असे मानणारा विद्यार्थी दुसऱ्या दिवशी निराश होतो, ह्याचे कारण ह्यात सापडते. त्या अर्ध्या तासात ती पंक्ती स्मृतीतून नव्याने काढण्याचा प्रसंगच आलेला नसतो. आणि उपज म्हणजे तर केवळ तेच काम. म्हणून तीन वाक्ये, तीन षड्ज आणि दोन गती ह्यांची सरमिसळ करून अभ्यास करावा. सरावात ओबडधोबड वाटेल. पण टिकाऊ ठरेल.

(७)

एवढे करूनही श्रोत्यांसमोर हात जड होतो, असा अनुभव राहतोच. रॉय बॉमाइस्टर ह्यांनी १९८४ मध्ये असे मांडले की, दडपणाखाली मनुष्य आपल्या कौशल्याच्या क्रियेकडेच लक्ष देऊ लागतो आणि त्यामुळे अंगवळणी पडलेली क्रिया बिघडते. बोलताना जिभेच्या हालचालीकडे लक्ष दिले तर बोलणे अडखळते, तसेच हे. चार्ल्स लिम आणि ॲलन ब्राउन ह्यांनी २००८ मध्ये सहा व्यावसायिक जॅझ पियानोवादकांच्या मेंदूचे चित्रण केले असता, उपजेच्या वेळी आत्मनियंत्रणाशी निगडित मानल्या जाणाऱ्या काही भागांची क्रियाशीलता कमी झालेली आढळली. सहा व्यक्तींवरून मोठा सिद्धांत उभारणे योग्य नव्हे. परंतु वादकांच्या अनुभवाशी हे निरीक्षण विसंगत नाही. व्यवहारात ह्याचा उपदेश असा की, वाजविताना लक्ष बोटांवर न ठेवता बाहेर ठेवावे : सहवादकाच्या लयीकडे, किंवा चालू वाक्य जेथे टेकायचे त्या स्वराकडे.

शेवटची गोष्ट दुरुस्तीची. सहज बोलणारा मनुष्य चुकत नाही असे नाही. तो चूक चालू वाक्यातच सावरून घेतो आणि ऐकणाऱ्यास ती बहुधा जाणवतही नाही. अनियमित वादकाचा सराव मात्र नेमका ह्याच्या उलट असतो. चूक झाली की तो थांबतो, मागे जातो, पुन्हा सुरू करतो. अशा रीतीने तो थांबण्याचाच अभ्यास रोज करीत असतो. त्यापेक्षा दिवसातून काही वेळ असा ठेवावा की, काहीही झाले तरी चौकट तुटू द्यायची नाही. चुकीचा स्वर आला तर त्याला शेजारच्या विसाव्याच्या स्वरावर नेऊन सोडावे, किंवा तोच मुद्दाम पुन्हा घेऊन त्याचे वाक्य करावे. हर्बी हॅन्कॉक ह्यांनी एक आठवण अनेकदा सांगितली आहे. माइल्स डेव्हिस ह्यांच्या साथीत एकदा त्यांच्या हातून भलतीच कॉर्ड वाजली. डेव्हिस ह्यांनी क्षणभर थांबून असे स्वर घेतले की ती कॉर्डच योग्य ठरली. स्वर चुकीचा की बरोबर हे पुष्कळदा त्याच्या पुढचा स्वर ठरवितो.

(८)

सारांश, उपजेतील अनियमितता हा स्वभावदोष नव्हे. कोणते घटक एकजीव झाले आणि कोणते झाले नाहीत, ह्याची ती नोंद आहे. ती वाचता आली तर अभ्यास कोठे करावयाचा हे कळते. सातत्य ह्याचा अर्थ प्रत्येक वादन सारखेच उत्तम होणे, असाही करू नये. कमीत कमी पातळी वर उचलली जाणे, एवढाच त्याचा अर्थ आहे. उत्तम क्षण त्यानंतरही आपल्या वेळीच येतील.

भाषेच्या अभ्यासकालाही ह्यातून एक प्रश्न मिळतो. परभाषा शिकणारा आपला विद्यार्थी लेखी परीक्षेत व्याकरण अचूक सोडवितो आणि संभाषणात गप्प होतो, तेव्हा आपण त्याला 'येते, पण बोलता येत नाही' असे म्हणून मोकळे होतो. फ्लॅनगन ह्यांचे १९५९ आणि १९८२ मधील वादन शेजारी ठेवून ऐकले, तर हे विधान किती अपुरे आहे ते ध्यानात येईल. त्या विद्यार्थ्याचा अडखळण्याचा क्षण कोठे व कोणत्या भाराखाली येतो, ह्याची नोंद ठेवणे आपल्या अध्यापनातही शक्य आहे.